जुनी मोटरसायकल घेताना: आधी थंड इंजिन, मग बाकी सगळं

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी टाकीवरचे ओरखडे बघतो. मग सीट, मग आरसे. विकणाऱ्याने गाडी सुरू करून दिली की दोन-तीनदा रेस देतो आणि म्हणतो, "आवाज मस्त आहे." ओरखडे, सीट, आरसे या एका दुपारी बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. वाकलेली चेसिस, ठोका देणारा क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), खोडलेला चेसिस नंबर हे बदलता येत नाही, आणि जे बदलता येतं त्याला जवळपास गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो. नेमकं तेच बघायला कुणी खाली वाकत नाही.

मी मामांच्या गॅरेजात शिकले आणि पुढे बरीच वर्षं स्वतः गाड्या खोलल्या. आता घरातली, ओळखीतली पोरं जुनी गाडी बघायला निघाली की मला बरोबर नेतात. तिथे मी काय बघते आणि कोणत्या क्रमाने बघते, ते सांगते. क्रमाला मी फार महत्त्व देते. ज्या गोष्टी दिसल्या की आल्या वाटेने परत फिरायचं, त्या आधी. ज्यांचे पैसे किमतीतून कापून घ्यायचे, त्या नंतर. उलट केलं तर तासभर टायर आणि चेन बघण्यात जातो, तोवर गाडी मनात भरलेली असते, आणि मग चेसिसवरचं वेल्डिंग दिसूनही न दिसल्यासारखं होतं.

निघण्याआधी

फोनवरच सांगून ठेवा: "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, मला थंड गाडी बघायची आहे." याच फोनवर विचारा, गाडी किती दिवस तुमच्याकडे आहे, का विकताय, सर्व्हिसिंग कुठे केलं, बिलं आहेत का. "कधी पडलीय का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. त्याऐवजी मी विचारते, "पडली तेव्हा काय काय बदललं?" सरळ माणूस सरळ सांगतो की डाव्या बाजूचा लिव्हर आणि फुटरेस्ट बदलला. असं सांगणाऱ्याबद्दल माझं मत चांगलंच होतं. थोडंफार पडणं गाडीच्या आयुष्यात येतंच.

दिवसाउजेडी जा. भिजलेल्या किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर रंगातला फरक कळत नाही, ऑइलचा ओलावाही नाही. बरोबर छोटी टॉर्च, पांढरं सुती फडकं, लांब स्क्रूड्रायव्हर, जमलं तर मल्टिमीटर, एक लहानसं लोहचुंबक आणि स्वतःचं हेल्मेट घ्या. शिवाय एक माणूस असा न्या, ज्याला ती गाडी घ्यायची नाही. त्याला तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

पोहोचल्यावर

हात पुढे करा आणि इंजिनाच्या केसिंगवर ठेवा. सायलेन्सरवर एकदम नको, गरम असेल तर भाजेल. इंजिन कोमट जरी लागलं तरी कुणीतरी ती आधी सुरू करून ठेवली आहे. कारण विचारा. कामावरून आत्ताच आलो असं म्हणाले तर खरंही असेल, पण मग सकाळी पुन्हा येते असं सांगून निघा. यात संकोच नको.

एवढा हट्ट का, तर झिजलेलं इंजिन आपले बहुतेक दोष थंड असतानाच दाखवतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपून खाली उतरलेलं असतं आणि पहिल्या स्टार्टला निळ्या धुराने बाहेर पडतं. टायमिंग चेनला (व्हॉल्व्ह चालवणारी इंजिनातली चेन) ताण देणारा टेन्शनर ढिला असेल तर पहिले काही क्षण खडखड ऐकू येते. कॉम्प्रेशन कमी असेल तर थंड गाडी सेल्फला दम खायला लावते. बॅटरी मेली असेल तर तीही तेव्हाच कळते. दहा मिनिटं चालवून ठेवलेल्या गाडीत यातलं बरंचसं झाकलं जातं.

इंजिन थंड आहे ना? मग अजून सुरू करू नका. आधी कागद.

नंबर आणि कागद

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलच्या मानेजवळ, उजव्या किंवा डाव्या बाजूला ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर. टॉर्च मारा, फडक्याने धूळ पुसा आणि नोंदणीच्या कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा. मनातल्या मनात नको. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. हल्लीच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं येत नाहीत, कारण ती १ आणि ० शी गोंधळतात. म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच.

जुळतोय का एवढंच बघून थांबू नका, ठोकला कसा आहे तेही बघा. कारखान्यातला नंबर एका ओळीत, सारख्या खोलीचा असतो. भोवतीचा पत्रा घासल्यासारखा, खोलगट किंवा फक्त तिथेच ताज्या रंगाचा असेल, किंवा एखादा आकडा शेजाऱ्यापेक्षा खोल बसलेला असेल, तर चर्चा तिथेच संपवा. चोरीची गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी ती तुमची होत नाही.

विकणारा आणि कागदावरचा मालक एकच आहे का, गाडीवर कर्ज बाकी आहे का, असेल तर ते फिटल्याचं पत्र आहे का, विमा चालू आहे का. दुसरी किल्ली मागा. दुसरी किल्ली नाही म्हणजे गाडी चोरीचीच असं नाही, पण ज्याच्याकडे दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक आणि बिलं एका पिशवीत निघतात, त्याने गाडीही बहुधा तशीच सांभाळलेली असते.

चेसिस: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मामा गाडीपाशी गेल्यावर तिला हातही न लावता आधी तिच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे. मीही तेच करते. गाडी डबल स्टँडवर किंवा कुणीतरी सरळ धरून. मागच्या टायरच्या रेषेत डोळा आणा आणि पुढचा टायर बघा. पुढचं चाक सरळ करून मागच्या टायरच्या आधी एका, मग दुसऱ्या कडेला डोळा लावून पुढच्याचा किती भाग दिसतो ते बघा. एका बाजूला जास्त दिसत असेल तर आधी चेनचे दोन्ही अ‍ॅडजस्टर सारख्या खुणेवर आहेत का तपासा, कारण मागचं चाकच तिरपं बसवलेलं असू शकतं. ते सरळ असूनही चाकं एका रेषेत येत नसतील तर चेसिस, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) किंवा शॉकअप वाकलेलं आहे.

आता पुढे या. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्ही टोकांना हँडल एका छोट्या लोखंडी ठोकळ्यावर अडतं. हे स्टॉपर फार कमी लोक बघतात, आणि समोरून झालेल्या धडकेची सगळ्यात पक्की साक्ष तिथे मिळते. जोरात आपटल्यावर हँडल त्या ठोकळ्यावर आदळतं आणि तो चेपतो, वाकतो, कधी तुटतो. आरसा, हेडलाइट, मडगार्ड नवं बसवता येतं, पण हा ठोकळा बहुतेक गाड्यांत चेसिसचाच भाग असतो. एका मैत्रिणीच्या मुलीसाठी बघितलेली गाडी अशीच होती. रंग चकचकीत, मडगार्ड नवीन, विकणारा म्हणाला फक्त आरसा तुटला होता. उजवीकडचा स्टॉपर चपटा झालेला आणि त्यावर ब्रशने काळा रंग लावलेला. हँडल उजवीकडे वळवलं की टाकीला टेकत होतं. पोरगी नाराज झाली, पण आम्ही निघालो. अशा गाडीवर ताशी ८० च्या वेगात कुणीही बसावं असं मला वाटत नाही, आपलं मूल तर नाहीच.

मानेपासून खाली आणि मागे जाणारे नळे टॉर्चने बघा. मानेच्या अगदी खाली रंगाला बारीक सुरकुत्या, पापुद्रे, तडे असतील तर आतला लोखंडी नळा दबलेला आहे. वेल्डिंग बघा. कारखान्याचं वेल्डिंग सगळीकडे एकाच हाताचं दिसतं. मध्येच एखादं जाड, ओबडधोबड, त्यावर वेगळ्या चकाकीचा रंग असलेलं दिसलं तर ते नंतर केलेलं आहे. सामान लावायच्या कॅरियरचं किंवा साइड स्टँडचं वेल्डिंग असेल तर चालून जाईल. मानेजवळ किंवा स्विंगआर्मच्या बोल्टाजवळ असेल तर नाही.

टाकी लोखंडी असेल तर चुंबक फडक्यात गुंडाळून तिच्यावरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी आहे, म्हणजे मोठा पोचा भरलेला आहे. काही गाड्यांच्या टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या असतात, त्यांवर चुंबक कुठेच चिकटणार नाही. मग झाकण उघडून टॉर्चने आत बघा. तळाशी तांबूस गंज असेल तर तो गाळ पुढे कार्बोरेटरमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये जाणार.

पडल्याच्या खुणा लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, फुटरेस्टची टोकं, इंजिनाची बाजूची झाकणं आणि सायलेन्सर यांवर असतात. फक्त एकाच बाजूचा लिव्हर, आरसा आणि इंडिकेटर कोरा करकरीत असेल तर गाडी त्या बाजूला पडली होती. उभ्या उभ्या पडलेल्या गाडीचा ओरखडा छोटा आणि एकाच जागी असतो. घसरत गेलेल्या गाडीचे ओरखडे लांब, एकाच दिशेचे असतात.

पाण्यात बुडालेली गाडीही इथेच ओळखू येते. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, इंजिनाच्या पंखांच्या खोल खाचांत आणि वायरच्या जोडांत सुकलेला बारीक चिखल, सीटखाली एकाच उंचीपर्यंत गंजलेले स्क्रू. वरून कितीही धुतली तरी तिथला गाळ निघत नाही. मी अशी गाडी घेऊ देत नाही, कारण वायरिंगचे जोड महिनोन्महिने एकेक करून सडत जातात आणि दोष कधीच एका जागी सापडत नाही.

आता सुरू करा, पण रेस न देता

आधी किल्ली फिरवून थांबा. काट्यावरचे दिवे बघा. ऑइलचा, इंजिनाचा आणि एबीएसचा दिवा किल्ली लावल्यावर लागला पाहिजे. नंतर विझायचा तो विझेल, पण आधी लागायलाच हवा. दोष दाखवणारा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीला लावा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी सुरू झाल्यावर थोडी रेस धरली की १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीही खाणार. वाढतच नसेल तर चार्जिंग नाही. तो दोष कॉइलचा, रेग्युलेटरचा किंवा नुसत्या सैल वायरचा असेल, पण मोठा खर्च धरूनच बोला.

सेल्फ मारताना एक माणूस मागे सायलेन्सरकडे उभा राहू द्या. थंड हवेत सुरुवातीला निघणारी विरळ पांढरी वाफ साधी पाण्याची असते, काही मिनिटांत थांबते. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गाडी पाण्याने थंड होणारी असली, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांच्यामधलं सील) कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. एअर फिल्टर तुंबलेला असेल किंवा कार्बोरेटरची सेटिंग बिघडलेली असेल, दुरुस्त होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सुरू होताना, किंवा रेस सोडून पुन्हा दिल्यावर भपकन येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्या. रेस धरून ठेवल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचा बोअर. पहिल्यात हेड उघडायचं, दुसऱ्यात हेडबरोबर सिलिंडरही. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर ऑइल जाळतेच, तिला हा नियम लावू नका.

मग चोक लावला असेल तर तो बंद करून गाडी शांतपणे आपल्या स्लोवर चालू द्या आणि ऐका. सायलेन्सरपाशी नको, इंजिनापाशी कान न्या. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला टेकवते आणि मूठ कानामागच्या हाडाला लावते. आवाज कुठून येतोय ते असं नेमकं कळतं. केस आणि ओढणी बांधून घ्या, चेन आणि चाकापासून दूर राहा.

वरून, हेडमधून येणारी बारीक, एकसारखी टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागांमधल्या फटीची. ती सेट करता येते. तिला घाबरू नका. मला तर थोडी टिकटिक करणारी गाडी बरी वाटते, कारण टॅपेट फार घट्ट झाले की आवाज येत नाही आणि व्हॉल्व्ह नीट न बसल्याने जळतो. बाजूने येणारी साखळी हलवल्यासारखी खडखड टायमिंग चेनची. सुरू होताना क्षणभर येऊन थांबली तर टेन्शनर बघावा लागेल. गरम झाल्यावरही राहिली तर चेन किटचा खर्च धरा. आणि खालून, क्रँकमधून, रेस देताना येणारा जाड, बोथट ठोका आला तर परत फिरा. ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आहे. "ऑइल बदललं की जाईल" असं कुणी म्हणालं तर त्यांना आधी ऑइल बदलून घ्यायला सांगा, आपण नंतर येऊ.

क्लच दाबला की आवाज बदलतो का तेही बघा. दाबल्यावर थोडी खडखड कमी होणं पुष्कळ गाड्यांत असतंच.

सायलेन्सरच्या मागे हात थोडा दूर धरा. धुराचे फटके एकसारखे लागायला हवेत. मध्येच एखादा चुकत असेल तर मिसिंग आहे. सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. कोरडी काजळी चालते, चिकट आणि तेलकट काळा थर चालत नाही.

ऑइल काळं आहे म्हणून नाक मुरडू नका. इंजिनातली घाण धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. डिपस्टिक काढून बघायचं ते वेगळंच. पातळी किती आहे, बोटांत चोळल्यावर कण लागतात का, पेट्रोलचा वास येतो का, आणि रंग चहासारखा दुधाळ आहे का. दुधाळ म्हणजे ऑइलमध्ये पाणी. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत हे गंभीर आहे. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत फक्त झाकणाच्या आत थोडा दुधाळ फेस असेल तर ती फार कमी अंतर चालवली जाते, एवढाच अर्थ निघतो. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

केसिंगच्या बोल्टांची डोकी बघायला विसरू नका. डोकी गोल झालेली, रंग उडालेला, जोडातून सिलिकॉन बाहेर आलेलं, म्हणजे इंजिन उघडलेलं आहे. इंजिन उघडणं हा दोष नाही. कुणी उघडलं, काय बदललं आणि बिल कुठे, एवढं कळायला हवं.

काट्यावर विश्वास किती ठेवायचा

मीटर मागे फिरवता येतं, केबल काढूनही ठेवता येते, म्हणून मी तो आकडा शेवटी वाचते. आधी फुटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं रबर, मागच्या ब्रेकचं पॅडल आणि हँडलच्या मुठी बघते. काटा १०,००० किमी दाखवतोय आणि गिअर लिव्हरचं रबर घासून गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रबर बोलत नाही. याच्या उलट जुनाट गाडीवर सगळी रबरं कोरी असतील तरी विचारा.

टायर यात फार उपयोगी पडतो. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. आता जोडून बघा. गाडी २०१९ ची, काटा ८,००० किमी, आणि दोन्ही टायर २०२२ चे. ८,००० मध्ये दोन्ही टायर का बदलावे लागले? पंक्चर, चिरलेला टायर असं पटणारं कारण असू शकतं, पण ते विकणाऱ्याच्या तोंडून यायला हवं. टायरच्या खोबणीत तळाशी छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, मोटरसायकलला बहुधा ०.८ मिमी उंचीच्या. रबर त्या पट्टीपर्यंत आलं की टायर संपला. खोबणी खोल आहे पण बाजूला बारीक भेगा पडल्यात, तर टायर वयाने संपला. पावसात तो धरत नाही.

हाताने हलवून बघायच्या गोष्टी

डबल स्टँडवर गाडी लावून कुणाला तरी मागे दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलतं. हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) गेला. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बेअरिंगचे गोळे एकाच जागी खड्डे पाडतात. मग शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे ढकला. टक्‌ असा खेळ लागला तर कोनसेट सैल तरी आहे किंवा झिजलाय. हे बदलून होतं.

मागे जाऊन स्विंगआर्म आडवा ढकला, तिथे खेळ नको. चाक वर-खाली आणि आडवं हलवा, मग फिरवून सोडा आणि रिम एका जागी डोळा ठेवून बघा, डुलते का. मॅकव्हीलच्या (स्पोक नसलेल्या ओतीव चाकाच्या) कडेवरून बोट फिरवा, पोचा आणि तडा हाताला आधी लागतो. स्पोक असतील तर पान्याने एकेक वाजवा, सैल स्पोक बद्द वाजतो.

पुढचा ब्रेक धरून शॉकअप जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबला पाहिजे, नाचत राहायला नको. पांढरं फडकं चकचकीत नळ्यावरून फिरवा. ऑइल लागलं तर सील गेलं. सील स्वस्त असतं, पण नळ्यावरून नखही फिरवा. जिथे सील घासतं त्या भागात गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही ते कापून टाकणार, म्हणजे नळ्याचा खर्च.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. निम्मा दात उघडा पडला तर चेन लांबली. दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर पूर्ण सेटच बदलावा लागतो. चाक फिरवत वेगवेगळ्या जागी चेनचा ढिलेपणा बघा, एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती चेन सेट करूनही सुधारत नाही.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. कडेला नवी धार आणि मध्ये खोलगट लागली तर डिस्क संपत आलीय. ब्रेक ऑइल काळपट झालं असेल तर कित्येक वर्षं बदललेलं नाही. बहुतेक कंपन्या दर २ वर्षांनी बदलायला सांगतात. दिवे, हॉर्न, इंडिकेटर एकेक लावून बघा. मागचा ब्रेकलाइट लिव्हरने आणि पॅडलने, दोन्हींनी लागतो का हे वेगवेगळं तपासा.

चालवून बघताना

चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याने तारणाला ओळखपत्र किंवा तुमची गाडी ठेवायला सांगितली तर ते रास्त आहे. आधी जागेवरच पुढचा-मागचा ब्रेक लागतो ना याची खात्री करा.

पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवा. गाडी पुढे सरकत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल सेट करून बघता येईल. पुढे रस्ता मोकळा असेल तिथे वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरताहेत. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात रेस द्या आणि सोडा. गिअर आपोआप बाहेर उडाला तर गिअरबॉक्समधले गिअर एकमेकांत अडकवणारे दात झिजलेत, आणि ते बदलायला इंजिन दोन भागांत उघडावं लागतं. हे मी परत फिरण्याच्या कारणांत धरते.

सरळ, सपाट रस्त्यावर मध्यम वेगात हँडलवरची पकड हलकी करा, हात मात्र सोडू नका. गाडी एका बाजूला ओढते का, हँडल थरथरतं का बघा. आधी टायरची हवा नीट असू द्या, नाहीतर उगाच चेसिसवर आळ येईल. ब्रेक मारताना लिव्हर बोटांना धडधड जाणवला तर डिस्क वाकलीय. एबीएसचा दिवा गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे.

परत आल्यावर गाडी बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर फार घट्ट टॅपेट, झिजलेला व्हॉल्व्ह किंवा गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल, यांपैकी काहीतरी आहे. खाली वाकून इंजिनाचा तळ बघा. उभ्या गाडीत न दिसलेली गळती आता दिसते.

किंमत

आता बाजूला येऊन कागदावर लिहा. टायर, चेन सेट, पॅड, बॅटरी, कोनसेट, सील, पहिलं सर्व्हिसिंग. प्रत्येकाची खरी किंमत आधी माहीत करून घेतलेली असली पाहिजे. मग तो कागद विकणाऱ्याला दाखवा. गाडीला नावं ठेवत बसू नका, त्याने माणूस अडून बसतो. मूळ किंमत मान्य आहे, एवढं काम निघतंय, एवढे कमी करा, असं म्हटलं की बहुतेक लोक ऐकतात. आणि परत फिरण्याचं कारण सापडलं असेल तर मात्र किंमत विचारूच नका. वाकलेल्या चेसिसला योग्य भाव नसतो.

गाडी घेतलीत तर पैसे दिल्याचा सहीचा कागद घ्या, त्यावर दोन्ही नंबर आणि तारीख, वेळ लिहा, आणि नाव बदलण्याचं काम त्याच आठवड्यात करा. घरी आणल्यावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक ऑइल सगळं बदला. विकणाऱ्याने आत्ताच बदललं असं सांगितलं तरी बदला. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये सोडा आणि ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर ते पुसून बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे लोखंडाचे तुकडे लागले तर गाडी तशीच उभी ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.